पायाखालचे पाठ्यपुस्तक

विजेरीत घालायचा साधा सेल तुम्ही अनेकदा हातात घेतला असेल. त्याच्या मध्यभागी कार्बनची कांडी असते आणि तिच्याभोवती काळी पूड ठासून भरलेली असते. या पुडीतील मुख्य पदार्थ म्हणजे मँगनीज डायऑक्साइड. तो येतो कोठून? भंडारा जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजची मोठी उघडी खाण आहे. तेथे सापडणारे मँगनीज डायऑक्साइडचे धातुक सेल बनविण्यासाठी प्रसिद्ध आहे. जवळच चिखला येथे जमिनीखाली जाणारी खाण आहे.

पण एका प्रश्नाचे उत्तर मिळाले, की त्याच्या मागून आणखी चार प्रश्न येतात. मँगनीज नेमके याच टेकड्यांत का साठले? ते किती जुने आहे? धातुक काढून घेतल्यावर उरलेल्या निरुपयोगी दगडमातीच्या ढिगाऱ्यांचे काय होते? आणि त्या ढिगाऱ्यांवर पडलेला पाऊस शेवटी कोणाच्या शेतात किंवा विहिरीत जातो?

यांपैकी पहिले दोन प्रश्न भूविज्ञानाचे आहेत आणि पुढचे दोन पर्यावरणविज्ञानाचे. विद्यापीठात ही दोन शास्त्रे शिकायला सुरुवात करणाऱ्या विद्यार्थ्याच्या लवकरच लक्षात येते, की पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे ठाऊक असल्याशिवाय पुढच्या दोहोंची उत्तरे देता येत नाहीत. या शास्त्रांच्या पहिल्या वर्षात काय शिकवितात, हे आपण या लेखात पाहू. त्यासाठी आपले पाठ्यपुस्तक असेल भंडारा जिल्ह्याची भूमी.

पहिला पाठ : खडकाची जन्मकथा

खडक तीन प्रकारचे असतात, हे तुम्ही भूगोलात वाचले आहे. तप्त शिलारस थंड होऊन अग्निज खडक बनतात. गाळाचे थर साचून स्तरित खडक बनतात. यांपैकी कोणताही खडक जमिनीखाली खोल गाडला गेला आणि उष्णता व दाब यांखाली सापडला, तर त्याचे रूप पालटते. तो रूपांतरित खडक होय. पश्चिम महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना घराबाहेर पडले की काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट हा अग्निज खडक दिसतो. भंडाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. येथील बहुतेक खडक रूपांतरित आहेत आणि ते बेसाल्टपेक्षा फार प्राचीन आहेत. दख्खनचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. भंडाऱ्याच्या उत्तरेकडील मँगनीजयुक्त खडकांचे वय मात्र शंभर कोटी वर्षांच्या घरात किंवा त्याहूनही अधिक मोजावे लागते.

त्या काळी या भागात समुद्र होता. ज्या पाण्यात प्राणवायू फार कमी असतो, त्यात मँगनीज विरघळलेल्या स्थितीत राहू शकते. असे पाणी प्राणवायूयुक्त पाण्याला मिळाले, की मँगनीजची ऑक्साइडे बनतात आणि ती तळाशी बसतात. समुद्राच्या तळावर वाळू व चिखल यांच्या सोबतीने अशा ऑक्साइडांचे थर साचले. पुढे हे सारे थर खोल गाडले गेले, तापले आणि वळ्या पडून मुडपले गेले. चादर दोन्ही बाजूंनी लोटली म्हणजे तिला जशा घड्या पडतात, तशाच. म्हणून खाणीत धातुकाचा थर सरळ आडवा न सापडता कधी उभा, कधी तिरका, तर कधी दुमडलेला सापडतो.

या खडकांचा सविस्तर अभ्यास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागातील एल. एल. फर्मर या भूवैज्ञानिकाने केला. भारतातील मँगनीजच्या साठ्यांवरील त्याचा मोठा ग्रंथ १९०९ साली प्रसिद्ध झाला. मँगनीजयुक्त तामडा, म्हणजे गार्नेट, आणि गारगोटीचे क्वार्ट्‌झ हे खनिज यांनी बनलेल्या येथील एका खडकाला त्याने ‘गोंडाइट’ असे नाव दिले. या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या गोंड लोकांवरून हे नाव आले आहे. आज जगात कोठेही असा खडक सापडला, तरी भूवैज्ञानिक त्याला गोंडाइटच म्हणतात.

दुसरा पाठ : निळ्या पात्यांचा दाबमापक

पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यापुढे खनिजांचे नमुने ठेवतात. रंग, चकाकी, कस, कठिणपणा, फुटण्याची पद्धत अशा गुणांवरून खनिज ओळखायचे असते. कस म्हणजे झिलई नसलेल्या पांढऱ्या चिनी मातीच्या फरशीवर खनिज घासले असता उमटणारी रेघ. बाहेरून दोन खनिजे सारखी दिसली, तरी त्यांचा कस बहुधा वेगळा असतो.

या नमुन्यांत निळसर, लांबट, पात्यांसारखे स्फटिक असलेले एक खनिज हमखास असते. त्याचे नाव कायनाइट. भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण भागात दहेगावच्या परिसरात त्याचे साठे आहेत. त्याची एक गंमत पाहा. पोलादी सुरीच्या टोकाने कायनाइटच्या पात्याच्या लांबीच्या दिशेने ओरखडा काढला तर तो उठतो. तीच सुरी आडवी चालवली तर ओरखडा उठत नाही! कारण लांबीच्या दिशेने त्याचा कठिणपणा साडेचार ते पाच असतो आणि आडव्या दिशेने साडेसहा ते सात. स्फटिकातील अणूंची मांडणी सर्व दिशांना सारखी नसते, ही गोष्ट एका ओरखड्याने कळते.

कायनाइटचे रासायनिक घटक म्हणजे ॲल्युमिनियम, सिलिकॉन व ऑक्सिजन. नेमके हेच घटक, नेमक्या याच प्रमाणात, आणखी दोन खनिजांत असतात. त्यांची नावे अँडालुसाइट व सिलिमनाइट. मग तीन वेगळी खनिजे कशी? उत्तर असे, की दाब जास्त असेल तर कायनाइट बनते, तापमान फार वाढले तर सिलिमनाइट बनते आणि दाब कमी असेल तर अँडालुसाइट. सुमारे ५०० अंश सेल्सिअस तापमान आणि सुमारे १४ किलोमीटर खोलीवर असतो तेवढा दाब, अशा एकाच स्थितीत तिन्ही खनिजे एकत्र नांदू शकतात. म्हणून एखाद्या खडकात यांपैकी कोणते खनिज आहे, हे पाहून तो खडक पूर्वी किती खोल गेला होता आणि किती तापला होता, याचा अंदाज बांधता येतो. जणू निसर्गाने खडकात तापमापक व दाबमापक ठेवून दिले आहेत. आता विचार करा. असे कायनाइट आज भंडाऱ्याच्या जमिनीवर सापडते. म्हणजे त्याच्या डोक्यावर असलेला कित्येक किलोमीटर जाडीचा खडक ऊन, वारा व पाऊस यांनी झिजवून वाहून नेला. भंडाऱ्याच्या सपाट शेतांच्या जागी एके काळी उंच पर्वत होते!

कायनाइटचा उपयोगही त्याच्या जन्मातूनच आला आहे. ते प्रखर उष्णता सोसू शकत असल्यामुळे भट्ट्यांना आतून लावायच्या उष्णतारोधक विटांत ते घालतात.

तिसरा पाठ : पाणी मुरते कोठे?

आता शास्त्राची दुसरी बाजू पाहू. भंडारा जिल्ह्यात वर्षाला सुमारे बाराशे ते तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी होते. म्हणजे १३०० मिलिमीटर पावसात एक हेक्टर शेतावर १ कोटी ३० लाख लिटर पाणी पडते. एवढे पाणी पडूनही उन्हाळ्यात विहिरी तळ का गाठतात?

याचे एक मोठे कारण खडकात आहे. वाळूच्या कणांमध्ये मोकळ्या जागा असतात, त्यांत पाणी साठते. पण रूपांतरित खडकातील स्फटिक एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात. अशा खडकात पाणी राहू शकते ते फक्त वरच्या कुजून भुसभुशीत झालेल्या थरात आणि खालच्या भेगांत. ही जागा थोडी असते. पावसाळ्यात ती लवकर भरते आणि उरलेले पाणी नदीकडे धाव घेते.

विद्यापीठे निघण्याच्या कितीतरी आधी या जमिनीचा हा स्वभाव येथील लोकांनी ओळखला होता. पाणी खाली फारसे मुरत नाही, तर ते वरच अडवावे, असा विचार करून त्यांनी तलाव बांधले. गोंड राजांच्या काळात तलाव बांधणाऱ्यांना जमिनी देऊन उत्तेजन मिळे. कोहळी समाज या कामात विशेष निष्णात होता. जमिनीचा उतार पाहून मातीची पाळ कोठे घालायची, जादा पाण्यासाठी सांडवा किती उंचीवर ठेवायचा, पाणी धानाच्या कोणत्या बांध्यांना द्यायचे, हे सारे त्यांनी अनुभवाने ठरविले. पुढे हे तलाव मालगुजारांकडे आले, म्हणून त्यांना मालगुजारी तलाव म्हणतात. लहान तळ्याला येथे बोडी म्हणतात. भंडारा व गोंदिया हे दोन जिल्हे १ मे १९९९ पर्यंत एकच होते आणि तलावांचा जिल्हा म्हणूनच ओळखले जात. प्रसिद्ध नवेगाव बांध आता गोंदिया जिल्ह्यात आहे.

१९५०-५१ साली मालगुजारी पद्धत रद्द झाली आणि तलाव शासनाकडे गेले. पूर्वी गावकरी दरवर्षी पाळ दुरुस्त करीत, गाळ काढून शेतात टाकीत. ती रीत अनेक ठिकाणी मोडली. तलाव गाळाने भरू लागले आणि काठांवर बेशरमची झुडपे माजली. मग उपाय काय? गाळ काढायचा, हे उत्तर सोपे वाटते. पण येथे पहिल्या वर्षाचा विद्यार्थी थांबून विचार करायला शिकतो. तलावाच्या तळाशी पाणी धरून ठेवणारा चिकणमातीचा थर असतो. यंत्राने खोल खणताना तो फुटला आणि खाली भेगाळलेला खडक असला, तर तलाव पाणी धरणार नाही. काठाजवळच्या उथळ पाण्यात पाणवनस्पती वाढतात व मासे अंडी घालतात. सगळा तलाव एकसारखा खोल केला, तर माशांची पैदास घटते आणि त्यावर पोट असणाऱ्या ढीवर कुटुंबांची कमाई बुडते. म्हणजे एकाच तलावाविषयी बोलताना खडक, माती, वनस्पती, मासे आणि माणसे या सर्वांचा हिशेब मांडावा लागतो. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढीवर बांधवांच्या माहितीचा आधार घेऊन काही तलावांतील बेशरम काढून स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या. ज्यांनी आयुष्य तलावावर घालविले, त्यांच्याजवळही शास्त्राला उपयोगी पडणाऱ्या नोंदी असतात, हे यावरून दिसते.

चौथा पाठ : नदीला जिल्ह्याची हद्द नसते

वैनगंगा मध्य प्रदेशातील शिवनी जिल्ह्यात उगम पावते, भंडारा शहराजवळून वाहते, पुढे वर्धा नदीला मिळते आणि प्राणहिता या नावाने गोदावरीस जाते. ज्या प्रदेशावर पडलेले पाणी एका नदीला येऊन मिळते, त्याला त्या नदीचे पाणलोट क्षेत्र म्हणतात. पर्यावरणविज्ञानात ही कल्पना फार महत्त्वाची आहे.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस या कल्पनेचा अर्थ भंडारेकरांना कठोरपणे कळला. मध्य प्रदेशात अतिवृष्टी झाली. शिवनी जिल्ह्यातील संजय सरोवर या धरणातून वैनगंगेत मोठ्या प्रमाणावर पाणी सोडावे लागले आणि भंडारा शहराच्या अनेक वस्त्यांत पुराचे पाणी शिरले. पूर यायला आपल्याच गावात पाऊस पडावा लागतो असे नाही. वर किती पाऊस पडला, धरणातून किती पाणी सुटले, ते आपल्यापर्यंत पोहोचायला किती तास लागतील, नदीकाठची कोणती जागा नदीच्या पूरमैदानात येते, या गोष्टी आधी मोजलेल्या असतील तर माणसे वेळेवर हलविता येतात. नाहीतर काय होते, ते त्या वेळी ज्यांच्या घरात पाणी आले त्यांना विचारा.

दुसरे उदाहरण गोसीखुर्द धरणाचे. पवनी तालुक्यातील या धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी झाली. त्याच्या जलाशयाला पश्चिमेकडून कन्हान नदी मिळते आणि कन्हानला मिळते नागपूर शहरातून आलेली नाग नदी. शहराचे सांडपाणी या वाटेने जलाशयाकडे येते.

सांडपाणी आले म्हणजे नेमके काय बिघडते? २५ अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात दर लिटरला सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. मासे त्यावरच जगतात. सांडपाण्यातील घाण जीवाणू खातात आणि खाताना हा प्राणवायू वापरतात. एक लिटर पाण्यातील घाण कुजविण्यास जीवाणूंना किती प्राणवायू लागतो, हे मोजून पाणी किती दूषित आहे ते ठरवितात. वाहत्या नदीत खळखळाटामुळे हवेतील प्राणवायू पुन्हा पाण्यात मिसळतो. जलाशयात पाणी संथ होते, त्यामुळे ही भरपाई मंदावते. शिवाय सांडपाण्यातील नायट्रोजन व फॉस्फरस यांमुळे जलपर्णी फोफावते. तिने पृष्ठभाग झाकला, की प्रकाशही आत जात नाही. यावर उपाय एकच, सांडपाणी शुद्ध करूनच नदीत सोडणे. धरणाच्या काठावरच्या गावाने कितीही स्वच्छता पाळली, तरी वरच्या शहराने आपला वाटा उचलल्याशिवाय हा प्रश्न सुटत नाही.

हा अभ्यास कोठे व कसा करतात?

पर्यावरणाचा अभ्यास सर्व विद्यार्थ्यांना का करावा लागतो, याची एक कथा आहे. एम. सी. मेहता या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला होता. त्यावर २२ नोव्हेंबर १९९१ रोजी न्यायालयाने पर्यावरणाचे शिक्षण सर्व पातळ्यांवर द्यावे, असा निर्देश दिला. त्याची अंमलबजावणी रेंगाळल्यामुळे डिसेंबर २००३ मध्ये न्यायालयाने पुन्हा आदेश दिले. विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा सक्तीचा अभ्यासक्रम आखला. आयोगासाठी त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याचे डॉ. एरच भरुचा यांनी लिहिले. भरुचा हे शल्यविशारद! माणसाच्या शरीरावर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी अरण्ये व नद्या यांच्या प्रकृतीचाही अभ्यास केला.

ज्याला या विषयात पुढे जायचे आहे, त्याने बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण होऊन बी. एस्‌सी. ला भूविज्ञान किंवा पर्यावरणविज्ञान हा विषय घ्यावा. त्याच्या जोडीला कोणते विषय घेता येतात, हे महाविद्यालयागणिक वेगळे असते. भंडारा जिल्ह्यातील महाविद्यालये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न आहेत आणि या विद्यापीठात भूविज्ञानाचा पदव्युत्तर विभागही आहे. या अभ्यासात वर्गाइतकेच महत्त्व सहलीला असते. हातोडी, भिंग, नकाशा, थरांचा उतार मोजण्याचे होकायंत्र आणि नोंदवही घेऊन विद्यार्थी डोंगर व नाले पालथे घालतात. रसायन, भौतिकी, जीवशास्त्र, गणित, भूगोल या सर्वांचा येथे उपयोग होतो.

नागपूर भंडाऱ्याच्या शेजारीच आहे, ही मोठी सोय. भारतीय खाण ब्यूरो, मँगनीजच्या खाणी चालविणारी मॉइल ही कंपनी आणि राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था म्हणजे नीरी, या तिघींची मुख्यालये तेथे आहेत. नीरीची स्थापना १९५८ साली दुसऱ्या नावाने झाली आणि १९७४ साली तिला आजचे नाव मिळाले. लेखाच्या आरंभी आपण खाणीच्या ढिगाऱ्यांचे काय, असे विचारले होते. या प्रश्नावर नीरीच्या शास्त्रज्ञांनी नागपूर जिल्ह्यातील गुमगाव येथील मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर काम केले. नुसत्या दगडधोंड्यांत झाड जगत नाही, कारण तेथे सेंद्रिय द्रव्य व उपयुक्त जीवाणू नसतात. म्हणून त्यांनी साखर कारखान्यातील टाकाऊ गाळ खड्ड्यांत भरला, हवेतील नायट्रोजन बांधून ठेवणारे जीवाणू व मुळांना साह्य करणाऱ्या बुरश्या रोपांना दिल्या आणि उजाड ढिगाऱ्यांवर झाडी उभी केली. झाडांची मुळे माती धरून ठेवतात, त्यामुळे पावसाबरोबर खाली वाहून जाणारा गाळ कमी होतो.

आजच करून पहा

यासाठी विद्यापीठात जाईपर्यंत थांबण्याचे कारण नाही.

१) विटेचा एक तुकडा आणि साधारण तेवढ्याच आकाराचा घट्ट दगड कोरडे असताना वजन करा. रात्रभर पाण्यात ठेवा, पुसून पुन्हा वजन करा. दोघांनी किती पाणी शोषले? भंडाऱ्यात तलाव का बांधले, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

२) काचेच्या उभट बरणीत एक तृतीयांश माती व बाकी पाणी घालून जोराने हलवा आणि एक दिवस ठेवा. वाळू, पोयटा व चिकणमाती यांचे थर वेगळे दिसतील. शेतातील व तलावातील मातीची तुलना करा.

३) मोठ्या माणसाला बरोबर घेऊन गावातील एका विहिरीची पाणीपातळी दोरीला दगड बांधून दर महिन्याच्या एकाच तारखेला मोजा. बारा महिन्यांचा आलेख काढा व त्याशेजारी पावसाचा आलेख काढा. राज्य शासनाची भूजल सर्वेक्षण यंत्रणाही ठरावीक विहिरींची पातळी अशीच नियमित मोजत असते.

खाणीत किंवा दगडाच्या खोल खड्ड्यांत एकट्याने मात्र कधीही उतरू नका.

मित्रांनो, तुमच्या गावात पुढील काही वर्षांत तलावाचा गाळ निघेल, एखादी विंधनविहीर खोदली जाईल, नदीकाठी घरे बांधण्याची परवानगी मागितली जाईल किंवा खाणीची हद्द वाढेल. ग्रामसभेत त्यावर चर्चा होईल. त्या वेळी खालचा खडक कोणता, पाणी कोणत्या बाजूला वाहते, मागचा पूर कोठवर आला होता, हे आकड्यांसह सांगणारा कोणीतरी तेथे असला पाहिजे. तो बाहेरूनच यावा असे कोठे आहे? आज विहिरीत दोरी सोडून वहीत आकडे मांडणारा तुमच्यापैकीच कोणी मुलगा किंवा मुलगी उद्या ते काम करू शकेल.